पहाटेची वाढलेली साखर : इन्शुलिन घेणारे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात मधुमेह विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात एखाद्या आजाराविषयी सोप्या भाषेत माहिती द्यावी, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. या वर्षी मी जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता लहान वाटेल. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारी तक्रार अशी : "डॉक्टर, रात्री मी अर्धीच भाकरी खाल्ली, इन्शुलिनही वेळेवर घेतले, रात्रभर तोंडात काही घातले नाही, तरी सकाळी साखर दोनशेच्या वर कशी?" या प्रश्नाचे उत्तर नीट न शोधता रात्रीचे इन्शुलिन दोन-चार युनिटने वाढवले, तर काही रुग्णांना गुण येतो, पण काहींच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा आपण सविस्तर विचार करू.

मधुमेह हा आता केवळ शहरातील, सुखवस्तू माणसांचा आजार राहिलेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील प्रौढांपैकी ८.९ टक्के, तर शहरी भागातील १६.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. आपल्याच जिल्ह्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडील बाळे जन्मतः वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्या अभ्यासाने जगापुढे मांडले. तेव्हा डोंगर चढणाऱ्या काटक माणसाला मधुमेह कसा होईल, असे म्हणून निश्चिंत राहता येणार नाही. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे येथील शेतकरी कुटुंबांत आज इन्शुलिनची बाटली पोहोचली आहे. तिच्यासोबत ती वापरण्याची जाणही पोहोचणे आवश्यक आहे.

पहाटे शरीरात काय घडते?

आपण झोपलेले असतो तेव्हाही शरीराचे काम चालू असते. मेंदूला आणि इतर अवयवांना रात्रभर साखर लागते व ती यकृत पुरवते. दिवसा साठवलेली साखर यकृत थोडी थोडी रक्तात सोडत राहते. पहाटे साधारण तीन ते आठ या वेळात शरीर जागे होण्याची तयारी करू लागते. रात्रीच्या झोपेत स्रवलेले वृद्धी संप्रेरक आणि पहाटे वाढणारे कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके इन्शुलिनचा परिणाम मंदावतात. यकृतातून साखर अधिक सुटते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी थोडे जादा इन्शुलिन सोडते आणि तोल सांभाळते. मधुमेही माणसाचे स्वादुपिंड ते करू शकत नाही. त्यातच आदल्या संध्याकाळी टोचलेल्या इन्शुलिनचा जोर पहाटेपर्यंत ओसरलेला असतो. परिणामी काहीही न खाता साखर चढते.

या पहाटवाढीचे वर्णन मारिया श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली वैद्यकीय नियतकालिकात केले आणि तेव्हापासून ती वैद्यकशास्त्रात परिचित आहे. निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे निम्म्या मधुमेही रुग्णांमध्ये ती कमी-अधिक प्रमाणात दिसते. तेव्हा घरातील मंडळींना माझी पहिली विनंती अशी की, सकाळची साखर जास्त दिसली म्हणून "रात्री चोरून काही खाल्ले असेल" असा आरोप रुग्णावर करू नये. अनेक घरांत या एका संशयामुळे कटुता येते आणि पुढे रुग्ण साखर तपासणेच सोडून देतो.

एकच आकडा, तीन निरनिराळ्या रात्री

सकाळच्या वाढीचे कारण मात्र प्रत्येक वेळी पहाटवाढ हेच असते, असे नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, तीन रुग्णांची सकाळी सहा वाजताची साखर अगदी सारखी, म्हणजे २२० मिलिग्रॅम आली.

पहिल्या रुग्णाची साखर झोपताना १५० होती, रात्री तीन वाजता १४५ होती आणि सहा वाजता २२० झाली. रात्रभर सर्व ठीक होते. वाढ पहाटेच्या तीन तासांत झाली. ही खरी पहाटवाढ.

दुसऱ्या रुग्णाची साखर झोपताना २६०, तीन वाजता २४० आणि सकाळी २२० होती. याचा दोष पहाटेकडे नाही. उशिरा व भरपेट झालेले जेवण, किंवा संध्याकाळचे अपुरे इन्शुलिन, हे त्याचे कारण. साखर रात्री आठ-नऊलाच चढली होती. ती सकाळपर्यंत पुरती उतरली नाही, इतकेच.

तिसऱ्या रुग्णाची साखर झोपताना १७० होती. तीन वाजता ती ५८ पर्यंत खाली गेली. घामाने जाग आली, छातीत धडधड होऊ लागली. घाबरून घरच्यांनी गूळ, साखरपाणी, वर अर्धी भाकरी असे जे हाताशी आले ते दिले. सकाळी साखर २२०. दवाखान्यात आल्यावर हा रात्रीचा प्रकार सांगायचा राहून गेला, आणि डॉक्टरांपुढे फक्त २२० हा आकडा आला.

आता या तिघांनाही रात्रीचे इन्शुलिन वाढवून दिले तर काय होईल, याचा विचार करावा. दुसऱ्याला कदाचित लाभ होईल. पहिल्याची साखर मध्यरात्रीच खाली जाण्याचा धोका निर्माण होईल. तिसऱ्याची साखर, जी आधीच तीन वाजता ५८ होती, ती त्याहून खाली जाईल. आणि त्या रात्री त्याला जाग आलीच नाही तर? साखर ७० च्या खाली जाणे ही धोक्याची सूचना आहे आणि ५४ च्या खाली जाणे गंभीर आहे. याहून पुढे गेल्यास बेशुद्धी, झटके आणि क्वचित मृत्यूही ओढवतो.

रात्री साखर कमी होऊन सकाळी ती उसळी मारते, हा विचार मायकेल सोमोजी या अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९३८ साली मांडला. पुढे त्वचेवर बसवून सतत साखर मोजणारे सेन्सर आले आणि असे आढळले की, शरीराने आपल्या आपण मारलेली अशी उसळी पूर्वी समजत होते त्यापेक्षा बरीच विरळ असते. रात्री साखर उतरली तर सकाळीही ती बहुधा कमीच असते. पण घाबरून जास्त खाल्ल्याने सकाळी वाढलेली साखर आपल्याकडे अवश्य पाहायला मिळते. म्हणून "रात्री जाग आली होती का, काही खाल्ले होते का?" हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारलाच पाहिजे, आणि आम्ही विचारायला विसरलो तर आपण होऊन सांगितले पाहिजे.

आपल्या भागातील काही विशेष कारणे

आपल्या भागात काही गोष्टी अशा आहेत की, त्या पुस्तकातल्या रुग्णापेक्षा आपला रुग्ण वेगळा ठरवतात.

पहिली गोष्ट शेतीच्या हंगामाची. आषाढात चिखलणी आणि भातलावणी सुरू झाली की दिवसभर गुडघाभर चिखलात, पावसात वाकून काम होते. अशा श्रमानंतर स्नायू पुढील कित्येक तास रक्तातील साखर अधिक ओढून घेतात. हा परिणाम त्याच रात्री, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. उन्हाळ्यात जो डोस योग्य होता तोच डोस लावणीच्या दिवसांत रात्री साखर फार उतरवू शकतो. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा दवाखान्यात येऊन डोसविषयी सल्ला घ्यावा. रिकाम्या पोटी मद्यपान केल्यासही रात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाते, कारण यकृत तेव्हा साखर सोडण्याचे आपले काम नीट करू शकत नाही. जत्रेच्या दिवसांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट एस.टी.ची. घाटमाथ्याकडच्या गावांतून पहिल्या गाडीने निघालेला रुग्ण येथे पोहोचून रांगेत बसतो आणि त्याचे रक्त घेईपर्यंत कधी दहा वाजतात. तोवर तो उपाशी असतो आणि सकाळचे इन्शुलिनही घेतलेले नसते. पहाटे सुरू झालेली वाढ इन्शुलिनअभावी तशीच चढत राहते. घरी सहा वाजता १६० असणारी साखर येथे दहा वाजता २३० दिसली तर नवल नाही. त्यात कोणी "फक्त चहा घेतला" म्हणतात. त्या चहात दोन चमचे साखर असते. म्हणून लांबच्या रुग्णांनी शक्य तेथे घरीच, उठल्याबरोबर तपासणी करून आकडा वहीत लिहून आणावा. सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी ठराविक काळाने करून घ्यावी. तिला उपाशी राहावे लागत नाही.

तिसरी गोष्ट घरातील एकाकीपणाची. मुले पुण्या-मुंबईला किंवा शिरवळच्या कारखान्यांत कामाला, आणि गावी वृद्ध आई-वडील, कधी एकटी आजी. रात्री साखर उतरली तर पाहणारे कोणी नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, पण पावसाळ्यातील रात्री दुर्गम वाडीवर पोहोचायला वेळ लागणारच. अशा रुग्णांत सकाळची साखर ८० ते १३० या तरुणांच्या मर्यादेत बसवण्याचा हट्ट धरणे योग्य नाही. ९० ते १५० पर्यंत, प्रसंगी त्याहून थोडी अधिक साखरही आम्ही जाणूनबुजून चालवून घेतो. "आईची साखर अजून नॉर्मल का होत नाही?" असे विचारणाऱ्या मुलांनी यामागील कारण समजून घ्यावे. आईची रात्र सुखरूप जावी, याला आम्ही अधिक महत्त्व देतो.

इन्शुलिनची बाटली, सिरिंज आणि जागा

कधी कधी दोष शरीराचा नसून साधनांचा असतो. डोस बदलण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

आपल्याकडील बहुतेक बाटल्यांमध्ये एक मिलिलिटरला ४० युनिट इन्शुलिन असते. पेनमधील इन्शुलिन १०० युनिटचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० ची खूण भरली तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात आणि साखर वाढलेली राहते. उलट १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर ५० युनिट जातात. ही चूक प्राणघातक ठरू शकते. दुकानदाराने सिरिंज बदलून दिल्यास बाटली व सिरिंज यांवरील आकडा जुळवून पाहिल्याखेरीज टोचू नये.

दुधाळ दिसणारे इन्शुलिन घेण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांत हळुवार फिरवावी. जोरात हलवू नये. पोटावर रोज त्याच जागी टोचल्याने तेथे गाठ धरते व त्या गाठीतून इन्शुलिन नीट शोषले जात नाही. म्हणून जागा बदलत राहावी.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजच्या दारात वा खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ती निकामी होते. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी बाटली प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून गार पाण्याच्या मडक्यात ठेवावी. चुलीजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ती कधीही ठेवू नये. वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर टाकून द्यावी. तपासणीपूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गुळाचा वा फळाचा अंश बोटाला असेल तर यंत्र खोटा आकडा दाखवते.

तीन रात्रींची तपासणी

साधने ठीक असूनही सकाळची साखर सतत वाढलेली असेल, तर पुढे काय करावे? उपाय सोपा आहे. एका आठवड्यात कोणत्याही तीन रात्री निवडाव्यात. प्रत्येक रात्री झोपताना, पहाटे तीन वाजता आणि उठल्याबरोबर अशी तीन वेळा साखर तपासावी. जेवणाची वेळ, इन्शुलिनची वेळ व युनिट, दिवसभराचे श्रम आणि रात्री जाग आली असल्यास तसे, हे सर्व वहीत लिहावे. गजर लावून घरातील एखाद्या जाणत्या मुलाने वा सुनेने ही जबाबदारी घेतली तर फार बरे. शाळकरी मुले हे काम मोठ्या आवडीने करतात.

ती वही पाहून उपचार ठरवता येतो. जेवण उशिरा होत असेल तर ते अलीकडे आणणे, भाताचे प्रमाण आटोक्यात ठेवणे व जेवणानंतर थोडे चालणे, एवढ्यानेही फरक पडतो. आंबेमोहोराचा भात हे या भागाचे वैभव आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही, पण ताटात त्याच्यासोबत डाळ-भाजी पुरेशी असावी. मध्यम मुदतीच्या दुधाळ इन्शुलिनचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांनी सर्वाधिक असतो. संध्याकाळी साडेसातला घेतल्यास तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो आणि गरज असलेल्या पहाटेच्या वेळी ओसरू लागतो. काही रुग्णांत हाच डोस जेवणाच्या वेळेऐवजी झोपताना दिल्याने रात्रीचा धोका कमी होतो आणि पहाटही सावरते. मिश्र इन्शुलिन घेणाऱ्यांना मात्र हा बदल परस्पर करता येत नाही, कारण त्यात जेवणासाठीचे जलद इन्शुलिनही असते. काहींना चोवीस तास सारखे चालणारे इन्शुलिन द्यावे लागते. यांपैकी कोणता मार्ग कोणाला, हे वही पाहून डॉक्टरांनी ठरवायचे आहे. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून आपण तसे करू नये.

रात्री साखर कमी झाल्याची लक्षणे घरच्यांनी ओळखावीत : घामाने भिजलेले कपडे, भयंकर स्वप्ने, झोपेतील असंबद्ध बडबड, सकाळी उठल्यावर डोकेदुखी. अशा वेळी कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु आधी बोटातील रक्ताचा एक थेंब तपासावा. रुग्ण शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. साखर सावरल्यावर अर्धी भाकरी किंवा दूध पुरेसे आहे. तपासणीची सोय नसेल तर साखर आधी द्यावी, शंका नंतर फेडावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

देणगीदारांना एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळ व देणगीदार यांच्यासाठी दोन शब्द. रुग्णालयाला देणगी म्हणजे इमारत, खाटा किंवा मोठे यंत्र, अशी आपली समजूत असते आणि त्या गोष्टींची गरज आहेच. परंतु आज मी ज्या तपासणीविषयी बोललो तिला लागतात केवळ नऊ पट्ट्या. एका पट्टीला साधारण वीस रुपये धरले तर एका रुग्णाच्या तीन रात्रींचा खर्च दोनशे रुपयांच्या आत बसतो. लावणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र हेच दोनशे रुपये जड जातात. मग पहाटे तीनची पट्टी वाचवली जाते आणि सकाळच्या एकट्या आकड्यावर डोस ठरतो. ग्लुकोमीटर एकदा घेता येतो. पट्ट्या मात्र पुन्हा पुन्हा लागतात. म्हणून एखाद्या गावातील इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या पट्ट्यांचा वर्षाचा खर्च आपण उचललात, तर त्याचे मोल मोठ्या यंत्राहून कमी नाही. गावातील आशा सेविकांना पट्टीचा वापर शिकवण्याचे काम आमचा विभाग आनंदाने करील.

ज्यांच्या घरी इन्शुलिन सुरू आहे त्यांनी आज जाताना मधुमेह विभागातून तीन रात्रींच्या नोंदींचा छापील तक्ता घेऊन जावा. पुढच्या भेटीला तो भरून आणावा, आणि तोवर रात्रीचा डोस आपल्या मनाने वाढवू वा कमी करू नये.